‘असंयमी’ हा शब्द आजारी माणसाला लावतात का? आईच्या कागदावर लिहून आलाय

घरकुलची लेक (सोलापूर)

नमस्कार. एका शब्दाबद्दल विचारायचं आहे. तो कुठून आला आणि कुणाला लागला हे सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

माझी आई ७१ वर्षांची. जवळजवळ चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या. आधी आम्ही साखर पेठेत भाड्यानं राहायचो, नंतर कुंभारीच्या विडी घरकुलात आलो. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, पहाटे कात्रीनं कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते हजार भरेपर्यंत. मजुरी हजारावर. त्यात कारखान्यात छाट काढली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकल्या, की तेवढी मेहनत वाया. हाताला एकदा चाल लागली की मध्ये उठायचं नाही, असा तिचा नेमच होता. लघवीला जायची ती विड्या घेऊन कारखान्याला निघताना. आम्ही पोरी शाळेतून परत यायचो तेव्हाही ती सकाळच्याच जागी, त्याच मांडीवर बसलेली असायची.

यंदा आषाढात तिला अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं पंधरा दिवसांत बरंचसं सुधारलं, उजवा हात अजून जड आहे. पण लघवी धरवत नाही. लागली असं कळतं, पण उठून मोरीपर्यंत पोचायच्या आत होऊन जाते. दवाखान्यातून सोडताना इंग्रजी कागदांसोबत ‘घरी घ्यायची काळजी’ असा एक मराठी कागद दिला. त्यात तिसरी ओळ अशी: ‘रुग्ण असंयमी असल्याने दर दोन तासांनी कपडे तपासावेत.’

आई सातवी शिकलेली आहे. बोट ठेवून, पण सगळं वाचते. तो कागद तिनं माझ्या आधी वाचला. संध्याकाळी मी कामावरून आले (अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते) तेव्हा चष्मा लावून बसली होती. म्हणाली, “असंयमी म्हंजे काय गं? मी काय केलं?” मला काय सांगावं सुचेना. माझा मुलगा आठवीत आहे, त्यानं पाठ केलेलं सांगून टाकलं: स्वतःवर ताबा नसलेला, उलट शब्द संयमी. परीक्षेला आला होता म्हणाला. पोराचा काही दोष नाही. त्याला विचारलं ते त्यानं सांगितलं.

आई पुढे काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी भरलेलाच दिसायला लागला. चौथ्या दिवशी मी रागावले तर म्हणाली, “नको. मग पुन्हा कागदावर येतंय.”

म्हणून विचारते. हा शब्द आजारपणात असा वापरतात का? डॉक्टरी मराठीत तो बरोबर असेल तर तसं सांगा, मी आईला समजावेन. बरोबर नसेल तर त्या जागी काय लिहायचं? मी कामावर असताना शेजारच्या एक मावशी आईजवळ बसतात, व्यायाम करवून घेणारा मुलगा आठवड्यातून तीनदा येतो. दोघंही तोच कागद बघतात. ती ओळ खोडून नीट लिहायची आहे.

---

भाषांतरकार, पुणे

ताई, रुग्णांना देतात त्या माहितीपत्रकांचं मराठी करण्याचं काम मी करतो. हा शब्द माझ्या हाताखालून बऱ्याच वेळा गेलाय, त्यामुळे तो तुमच्या आईंच्या कागदावर कसा पोचला असेल ते सांगू शकतो.

इंग्रजीत ‘इन्कॉन्टिनन्स’ असा शब्द आहे. आज तो बहुतेक दवाखान्यातच ऐकू येतो आणि त्याचा अर्थ लघवी किंवा शौच धरून ठेवता न येणं. पण जुना अर्थ वेगळा आहे. खाणंपिणं, वासना, राग यांच्यावर ज्याचा ताबा नाही त्याला तो लावत. ॲरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात ‘अक्रासिया’ नावाच्या दोषाची लांबलचक चर्चा केली आहे: काय बरोबर ते माणसाला कळत असतं, तरी ऐन वेळी मोह त्याला ओढून नेतो. आपलं वागणं बरोबरच आहे असं मानून मजेत जगणाऱ्या माणसाला तो वेगळ्या खणात घालतो. या ‘अक्रासिया’साठी लॅटिनमध्ये ‘इन्कॉन्टिनेन्शिया’ आला आणि इंग्रजी भाषांतरांत ‘इन्कॉन्टिनन्स’. शरीराचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आता इंग्रजीत एकच शब्द दोन घरी राहतो. कुठलं घर ते इंग्रजी वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतं.

मराठी करणाऱ्यानं चुकीच्या घराचं दार वाजवलं. कोशात ‘असंयम’ दिसला, तो उचलला. ‘मूत्र असंयम’ असं छापलेलं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. मीही पूर्वी तसं लिहिलं आहे, आणि तुमचा तांब्याचा प्रसंग वाचल्यापासून त्याचं वाईट वाटतंय.

त्यानंतर आणखी एक घसरण झाली, आणि माझ्या मते खरा घाव तिनंच घातला. मधुमेह असलेला तो मधुमेही, क्षयरोग असलेला क्षयरोगी. त्या सवयीनं हात पुढे गेला आणि असंयम असलेला तो असंयमी झाला. ‘मूत्र असंयम’ निदान एका तक्रारीचं नाव म्हणून कसंबसं उभं राहतं. ‘असंयमी’ म्हटलं की मूत्र गळून पडतं आणि उरतो तो माणसाचा स्वभाव.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या लॅटिन शब्दाच्या पोटात ‘तेनेरे’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ धरणे. म्हणजे तुम्ही सहज लिहून गेलात ते ‘धरवत नाही’ मूळ शब्दाला ‘असंयमी’पेक्षा कितीतरी जवळचं आहे.

---

घरकुलची लेक

भाऊ, मधुमेही आणि असंयमीचं वाचून डोक्यात लख्ख पडलं. आभार.

‘धरवत नाही’ हे आईचंच बोलणं आहे. ती ‘धरवंना गं’ म्हणते. पण डॉक्टरच्या कागदावर असं लिहिलेलं चालेल का? व्यायामवाला मुलगा शिकलेला आहे. बोलीतलं लिहिलं तर कागदाचं वजन जाईल का, अशी शंका येते.

---

बार्शीकर मास्तर

वजन जाणार नाही, वाढेल. ३१ वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं, त्या बळावर सांगतो.

‘धरवत नाही’ हे बोलीचं लेणं नव्हे, ते मराठीतलं शक्य क्रियापद आहे. मला चालवतं, त्याच्याने बसवत नाही, आजीला आता जिना चढवत नाही. क्रिया करायची ताकद अंगात आहे की नाही, एवढंच हे रूप सांगतं. इच्छेबद्दल ते अवाक्षर काढत नाही. दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘आई लघवी धरत नाही’ आणि ‘आईला लघवी धरवत नाही’. पहिल्यात आई कर्ता आहे, ती करत नाही, म्हणजे तिनं करायला हवं होतं. दुसऱ्यात आईला ‘ला’ लागला आणि दोष तिच्या अंगावरून उतरला. एका ‘व’नं आणि एका ‘ला’नं मराठी माणूस केवढा न्याय करतो! वर्गात मी हे रूप नेहमी ‘मला चालवते’ या पाठ्यपुस्तकातल्या वाक्यावर शिकवलं. हे उदाहरण सुचलं असतं तर पोरांना जन्मभर लक्षात राहिलं असतं.

आता ‘असंयमी’. सम् आणि यम्, त्यातून संयम. यम् म्हणजे रोखणं, आवरणं. नियम आणि प्राणायाम हेही त्याच घरातले. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘असंयतात्मना योगो दुष्प्राप’ असं म्हटलंय, ज्याचं मन आवरलेलं नाही त्याला योग मिळणं कठीण. पतंजली तर धारणा, ध्यान आणि समाधी तिन्ही एकत्र येण्याला संयम म्हणतात. म्हणजे हा शब्द पहिल्यापासून मनाच्या अंगणात वाढलेला. ज्याला आवरता आलं असतं पण ज्यानं आवरलं नाही, तो असंयमी. मधुमेह असून पंगतीत श्रीखंडाची तिसरी वाटी मागून घेणारे एक गृहस्थ आमच्या गल्लीत होते, त्यांना तो शोभला असता. डॉक्टरांनी नको सांगितलेलं त्यांना ठाऊक होतं, हात मात्र पुढे जायचा.

आपल्याकडे या जातीचे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी. हावरा माणूस डोळ्यांनी ओळखू येतो, ताटात पडायच्या आधीच नजर पातेल्यात. अधाशी खाण्याच्या वेगावरून. उतावीळ माणसाला वस्तू हवीच असते असं नाही, त्याला वेळ सोसत नाही. बेताल जिभेचा असतो किंवा वागण्याचा, मूळ गाण्यातलं, ताल सुटलेला. बेलगाममध्ये घोडा आहे. ‘हावरा’ आई लेकराला लाडानंही म्हणते. ‘असंयमी’ लाडानं कुणी कुणाला म्हणत नाही, त्यात कायम न्यायाधीश बसलेला असतो. तुमच्या आईंना नेमकं तेच ऐकू आलं. शब्दाची जाण त्यांना कागद लिहिणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

आणि ‘अनावर’ बघा. रडू अनावर झालं, झोप अनावर झाली. आपण ‘बाई अनावर झाली’ म्हणत नाही, ‘बाईला रडू अनावर झालं’ म्हणतो. अनावर असतं ते रडू. ‘सुटणे’चंही तसंच. घाम सुटतो, लाळ सुटते, चालकाचा गाडीवरचा ताबा सुटतो. टायर फुटून ताबा सुटलेल्या चालकाला कुठल्या वर्तमानपत्रानं असंयमी लिहिलेलं मी तरी वाचलं नाही.

शेवटी एक, हे आईंना जरूर वाचून दाखवा. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा सातवा अध्याय वेगांपासूनच सुरू होतो. वेग म्हणजे शरीराची किंवा मनाची ऊर्मी. चरक दोन याद्या करतात. एक दाबून धरू नयेत अशा वेगांची. ते तेरा, त्यांत पहिलंच नाव मूत्राचं, पुढे शौच, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप वगैरे. दुसरी यादी आवरून धरायच्या वेगांची, त्यात लोभ, शोक, भय, राग, गर्व, मत्सर. संयम हवा तो या दुसऱ्या यादीपुरता. मूत्र या यादीत नाहीच. उलट चाळीस वर्षं विड्यांपायी तुमच्या आईंनी जे केलं ते चरकांच्या हिशेबी नको तितकं धरणं झालं.

---

जुळे सोलापूर

राग मानू नका ताई, पण शब्दावर इतकं बोलण्यापेक्षा उपचारांकडे बघावं असं मला वाटतं. कागदावर काही का लिहिलेलं असेना. माझ्या वडिलांच्या कागदावर तर नावही चुकीचं होतं.

---

घरकुलची लेक

राग नाही दादा. तुम्ही काळजीनंच लिहिलंय. पण माझ्या आईनं त्या शब्दामुळे पाणी सोडलं. ओठ कोरडे पडलेत, लघवी गडद होते, कालपासून जळजळ होते म्हणाली. गोळ्या वेळेवर चालू आहेत, व्यायाम चालू आहे, हे एकच उलट दिशेला चाललंय आणि ते कुठल्या गोळीनं थांबणार नाही. वडिलांचं नाव चुकलं तेव्हा तो कागद दुसऱ्याचा वाटला असेल. आईला हा कागद आपलाच वाटला, हे माझं दुखणं आहे.

मास्तर, चरकांचं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. ‘शिंक पण आहे का त्यात?’ असं विचारलं. त्यावर काय ते पुढे लिहिते, आत्ता तिला उठवायची वेळ झाली.

---

निवृत्त सिस्टर

लेकी, आधी जळजळीचं बघ. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल तर नुसत्या त्यामुळेही धरवत नाही, आणि पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना तो लवकर होतो. उद्याच्या उद्या लघवी तपासून घे. ताप आला, थंडी वाजली किंवा अचानक बरळायला लागल्या तर उद्याचीही वाट बघू नकोस.

मी ३४ वर्षं वॉर्डात काढली. आम्ही आपसात काय म्हणायचो ते सांगते. ‘लघवी कपड्यात होते’, ‘कळतं पण थांबत नाही’, ‘कळतच नाही’, ‘खोकलं की होते’. ही चार वाक्यं साधी दिसतात, पण चारींना उपाय वेगळे. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना होत असेल तर बाळंतपणांनी सैल झालेल्या ओटीपोटाखालच्या स्नायूंचं दुखणं. त्याला व्यायाम आहे, आर्नल्ड कीगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये तो मांडला आणि आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. तुझ्या आईचं ‘कळतं पण पोचेपर्यंत होते’ हे वेगळं. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं, त्याच्या निम्म्याहून कमी भरलं तरी आत लागल्याची जाणीव होते. मग मेंदू त्याला सांगतो, थांब, जागा मिळू दे. झटक्यानं मेंदूचा तो ‘थांब’ म्हणणारा भाग दुखावला की निरोप पोचत नाही आणि पिशवी आपली आपण आकसते. बाई कितीही करारी असली तरी तिथं तिचं काही चालत नाही. बऱ्याच जणींचं काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं, हे आईला मुद्दाम सांग.

आता असं बघ की ‘असंयमी’ या एका शब्दानं या चारांतलं काहीच सांगितलं नाही. म्हणून मला तो शब्द नुसता कठोर वाटत नाही, निरुपयोगी वाटतो. पुढच्या माणसाला त्यावरून काय करायचं ते कळतच नाही.

कपडे तपासायचे हेही मला पटत नाही. तपासायचं म्हणजे झाल्यावर बघायचं. त्याऐवजी दर दोन तासांनी, लागो न लागो, आपणहून बसवायचं. जमलं की हळूहळू अंतर वाढवायचं. पाणी तोडायचं नाही, ते दिवसा वाटून द्यायचं, संध्याकाळनंतर थोडं कमी. पाणी कमी केलं की लघवी तीव्र होते, पिशवीला जास्त झोंबते आणि घाई उलट वाढते. वर बद्धकोष्ठ होतं, त्याचाही दाब पडतो. चहा मोजका. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवीची गोळी असेल तर ती किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना विचार, मनानं वेळ बदलू नकोस.

मोरीपर्यंत पोचवत नाही तर खाटेजवळ भांडं किंवा खुर्ची ठेव. साडीऐवजी गाऊन, आणि नाडी नको, इलॅस्टिक. उजवा हात जड असताना निरी सोडता सोडताच वेळ जातो. यातलं निम्मं दुखणं गाठ सोडण्याचं असतं, हे मी किती घरी पाहिलंय.

अंथरुणावर चादर कुठली घालतेस?

---

घरकुलची लेक

सिस्टर, जेकार्डची सोलापुरी चादरच होती. तीच घरात आहे आणि तीच तिला आवडते. पण भिजली की उचलवत नाही इतकी जड होते, दोन बादल्या पाणी खाते आणि ढगाळ असलं की दोन दिवस वाळत नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. पिंपं भरून ठेवते. आई पडल्या पडल्या पिंपातलं पाणी मोजत असते, मी चादर बुडवली की तोंड भिंतीकडे करते. पाणी न पिण्यामागे तेही आहे हे तुमचं वाचताना माझ्या लक्षात आलं. मी सगळं त्या शब्दावर टाकलं होतं.

---

निवृत्त सिस्टर

आहेच. पण शब्दानं सुरुवात झाली, हे तुझं खरं आहे.

चादर पांघरायला राहू दे, अंथरायला नको. गादीवर मॅकिंटॉश, म्हणजे रबराचं जाड कापड, त्यावर जुन्या सुती साडीची चौघडी. चौघडी तेवढी बदलायची. टॉवेलच्या कारखान्यात आहेस, कमी प्रतीचे टॉवेल स्वस्तात मिळत असतील तर चौघडीपेक्षा ते बरे, टर्किशचं कापड ओल चांगली पितं. धुवायला अर्धी बादली पुरते.

---

साखर पेठेतली

मी सोलापूरचीच, घरी तेलुगू. माझी आजीपण विड्या वळायची आणि शेवटची दोन वर्षं तिचंही हेच होतं. ती म्हणायची ‘आपुकोलेकपोतुन्नानु’. त्यातला ‘आपु’ म्हणजे थांबवणं, आणि ‘लेक’ आला की जमत नाही असा अर्थ. इच्छा आहे, होत नाही. खालच्या मजल्यावरच्या कानडी मावशी अशा वेळी ‘आगंगिल्ल’ म्हणायच्या, होत नाही, इतकंच. मास्तरांचं ‘धरवत नाही’ वाचताना तिघी म्हाताऱ्या एका ओट्यावर बसून एकच गोष्ट तीन भाषांत सांगतायत असं वाटलं. दोष देणारा शब्द तिघींपैकी कुणाच्याच तोंडात नव्हता.

आजीला आम्ही एक सवय लावली होती, उपयोग झाला म्हणून सांगते. तिच्या हाताशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. हाक मारायची तिला लाज वाटायची, कारण घरात पाहुणे, जावई असायचे. चमचा वाजवायला लाज नव्हती.

---

घरकुलची लेक

चार दिवसांनी लिहिते आहे, कारण मध्ये तपासणीत गेले. संसर्ग निघाला. औषध सुरू झालंय, जळजळ कमी आहे. सिस्टर, तुम्ही ‘उद्याच्या उद्या’ लिहिलं नसतं तर मी रविवारपर्यंत थांबले असते.

डॉक्टरांना कागद दाखवला. त्यांनी ओळ वाचली आणि म्हणाले, हा तयार मजकूर असतो, सगळ्यांना तोच देतात. माफी वगैरे नाही मागितली, पण पेन काढून स्वतः ओळ खोडली. आई समोर बसली होती. तिनं ते खोडताना पाहिलं, हे मला फार बरं वाटलं.

चरकांचं राहिलं होतं. दुसरी यादी वाचून झाल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “राग धरला मी. तुझ्या बापाचा, मुकादमाचा. लघवी पण धरली. दोन्ही याद्या धरल्या.” मी काही बोलले नाही, तिचे पाय चेपत बसले.

नवी ओळ आम्ही दोघींनी मिळून केली. मी आधी ‘लघवीवरील नियंत्रण कमी झाले आहे’ असं लिहिलं होतं. ते तिला आवडलं नाही, “हे बी हापिसातलंच” म्हणाली. मग तिनं सांगितलं तसं लिहिलं:

‘लघवी लागलेली कळते, पण धरवत नाही. दर दोन तासांनी बसवावे. चमचा वाजला की लगेच यावे. पाणी द्यावे.’

‘पाणी द्यावे’ मी घातलं. ते तिनं राहू दिलं.

शेजारच्या मावशींनी कागद भिंतीवर चिकटवला. व्यायामवाल्या मुलानं वाचला आणि सरळ विचारलं, आजी, शेवटचं कधी बसलात? इतके दिवस त्यानं हा विषयच काढला नव्हता. त्यालाही त्या शब्दापुढे काय विचारावं हे कळत नसावं. मुलगा आठवीतला, त्यालाही शक्य क्रियापद समजावलं. त्यानं वहीत ‘आजीला धरवत नाही’ हेच उदाहरण लिहून नेलं. मी आधी थांबवणार होते, मग आईला विचारलं. ती म्हणाली, नेऊ दे की.

आज संध्याकाळी तांब्या निम्मा होता.

सिस्टर, मॅकिंटॉश मीटरवर घ्यायचा असतो का? नवी पेठेत मिळेल, की सिव्हिलसमोरच्या दुकानांत विचारू? खाट सव्वातीन फूट रुंद आहे.